कुठल्याच घरचं नसलेलं नाव

ग्रीसमधल्या आमच्या बेटावर माझ्याआधी स्तेर्गिओस नावाचा माणूस झाला नव्हता, आणि माझ्यानंतरही अजून कुणी झालेला नाही.

आमच्याकडे पोराचं नाव शोधत बसावं लागत नाही. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. नाव आधीपासून घरातच असतं, चुलीशी बसून कॉफी पीत असतं. त्यामुळे चारशे वस्तीच्या गावात अकरा निकितास, चौदा मिखालिस, आणि अंतोनिस तर इतके की त्यांना बोटीच्या रंगावरून ओळखायचं. संध्याकाळी एखादा म्हातारा धक्क्यावर उभा राहून स्वतःच्याच नावानं खच्चून हाक मारतो आणि पलीकडून त्या नावाचं पोर धावत येतं. त्या वेळी म्हाताऱ्याच्या तोंडावर जे दिसतं, ते माझ्या आजोबांच्या तोंडावर मी कधी पाहिलं नाही. त्याला कारण मीच.

माझे आजोबा निकितास. त्यांना एकच मुलगा, माझे वडील मिखालिस. म्हणजे मी जन्मायच्या आधीच माझं नाव ठरलेलं होतं. आजोबांनी नवी बोट घेतली तेव्हा तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, ‘निकितास’ असं रंगवून घेतलं होतं. कुणी विचारलं, “स्वतःचं नाव रंगवलंस होय रे?” तर म्हणायचे, “माझं नव्हे, मालकाचं. यायचाय अजून.”

एकोणसत्तर सालच्या जानेवारीत आईला आठवा महिना होता. एका सकाळी तिला रक्त जायला लागलं. बेटावर डॉक्टर नव्हता. वडील जहाजावर, ब्राझीलच्या वाटेवर. समुद्र चार दिवस खवळलेला, त्यामुळे फेरीची बोटही आली नव्हती. त्या बोटीची वाट पाहत कॉफीच्या दुकानाच्या माडीवर एक सुईण अडकून पडली होती. आमच्यापेक्षाही लांबच्या बेटांवर सरकारी नेमणुकीची वर्षं काढून ती आपल्या गावी परत निघाली होती. आजोबा जिना चढून गेले आणि म्हणाले, “बाई, बोट माझी आहे, सून माझी आहे. तुम्ही चला.”

ती तशीच पेटी घेऊन उतरली.

दवाखाना लेरोस बेटावर, तिथं पोचायला तीन तास लागतात. दीड तास झाला असेल नसेल, मी बोटीतच जन्मलो. आई सांगते, “तू निळा होतास. वांग्यासारखा. आणि आवाज नाही.” सुईणीनं माझ्या तोंडात फुंकर घातली, पाठ चोळली, राकीची दारू लावून छाती चोळली, उलटं धरून हलवलं. शेवटी ती थांबली. तिनं मला टॉवेलात घेतलं आणि गुडघ्यांवर उभी राहिली.

नावाशिवाय गेलेल्या बाळासाठी देवळात प्रार्थना म्हणता येत नाही. म्हणून पाद्री जवळ नसेल आणि बाळ जात असेल, तर कुणाही श्रद्धावंतानं त्याला तीनदा हवेत उचलायचं आणि नाव द्यायचं. पाण्याऐवजी हवेतला बाप्तिस्मा. आजोबांना ते कळलं. सुकाणू सोडता येत नव्हतं. त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं, “निकितास! निकितास म्हणा!”

सुईणीनं मला पहिल्यांदा वर उचललं आणि म्हणाली, “देवाचा सेवक स्तेर्गिओस.”

“निकितास!” आजोबा परत ओरडले.

दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उचलतानाही ती स्तेर्गिओसच म्हणाली. मग तिनं मला आईच्या सदऱ्यात, कातडीला लावून ठेवलं आणि वरून आपला कोट घातला.

लेरोसच्या धक्क्यावर माणसांनी आईला आणि मला उचलून नेलं. पिरेयस बंदराला जाणारं जहाज भोंगा देत होतं, सुईण त्यात चढली. मी तोवर रडलो नव्हतो. रडलो तो संध्याकाळी, दवाखान्यात. तिचं नाव असिमीना, ती मुख्य भूमीवरच्या कार्दित्साजवळच्या गावची, आणि बोलताना अर्धी अक्षरं गिळते, एवढंच आईला माहीत होतं. तिच्या अंगातला कोट आमच्याकडेच राहिला.

चाळीस दिवसांनी आई मला घेऊन देवळात गेली तेव्हा आजोबा पाद्रीबाबांशी आधीच बोलून तिथंच उभे होते. पाद्रीबाबा समजूतदार माणूस. म्हणाले, “थेमेलिना, दिलेलं नाव पुसता येत नाही. पण जोडता येतं. स्तेर्गिओस-निकितास लिहू. घरात निकितास म्हणा. दोघंही खूश.”

माझी आई सासऱ्यापुढं डोळे वर करून कधी बोललेली नव्हती. ती म्हणाली, “नको, पाद्रीबाबा.”

“अगं, नको काय?”

“मामंजी, हा या एका नावाला धरून इकडे आलाय. मी त्याची पकड सोडवणार नाही. रागवा, घराबाहेर काढा. पण नाव हेच.”

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी टोपी घातली आणि धक्क्यावर गेले. त्यानंतर आईला दोन मुली झाल्या, मुलगा नाही.

आजोबांनी माझं कधी वाईट केलं असं कुणी म्हणू शकणार नाही. मोठ्या माशाचा गाल ते माझ्याच ताटात टाकायचे. जाळं विणायला, वारा ओळखायला त्यांनीच शिकवलं. फक्त ते मला नावानं हाक मारत नसत. “ए पोरा.” “इकडे ये.” “त्याला म्हणावं जेवायला बस.” शाळेतली पोरं मात्र भरपूर हाका मारायची. स्तेरिया म्हणजे आमच्या भाषेत कोरडी जमीन. त्यामुळे मी झालो स्तेरिया. “स्तेरिया, पाय भिजतील हं!” नावाच्या सणाचंही तसंच. निकितासच्या दिवशी अकरा घरांत लोक न बोलावता यायचे, मिठाई खायचे. माझ्या नावाचा संत कोण, हे बेटावर कुणालाच माहीत नव्हतं. पाद्रीबाबांनी तोड काढली की ज्याला स्वतःचा संत नाही त्यानं सगळ्या संतांच्या रविवारी सण करावा. आई त्या दिवशी रव्याचा केक करायची. आजोबा एक तुकडा खायचे आणि “आज काय आहे?” असं विचारायचे. दरवर्षी.

आणि कॉफीच्या दुकानात बोटीची गोष्ट निघाली की त्यांचं एक वाक्य ठरलेलं. “ऐकलं होतं तिनं. मी तिची मान पाहिली. मान हलली तिची. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.”

“अरे, वारा केवढा होता निकितास,” कुणीतरी म्हणायचं.

“वाऱ्याला मान नसते,” आजोबा म्हणायचे.

वीस वर्षांचा झालो तेव्हा लष्कराची सक्तीची नोकरी लागली आणि माझी रवानगी लारिसाला झाली. पहिल्याच सकाळी सार्जंटनं यादी हातात घेऊन आवाज दिला, “स्तेर्गिओस!” आणि पाच जण पुढं झाले. मी सहावा. मी जागच्या जागी थिजलो. माझं नाव दुसऱ्या माणसाच्या अंगावर मी कधी पाहिलंच नव्हतं. एक जाडा, एक टकला होऊ घातलेला, एक माझ्याहून बुटका.

“तू कुठला रे स्तेर्गिओस?” जाड्यानं विचारलं.

मी बेटाचं नाव सांगितलं.

“बेटावर स्तेर्गिओस? तुझा बाप आमच्याकडे खेचर घ्यायला आला होता की काय? खेचरावर नाव फुकट मिळालं असेल.”

सगळे हसले, मीही हसलो. खरं सांगतो, त्या गर्दीत मला फार हलकं वाटलं. त्यांच्याकडूनच कळलं की तिकडे ज्या घरात पोरं जगत नाहीत, त्या घरात हे नाव ठेवतात. स्तेर्गिओस म्हणजे टिकून राहा, मूळ धर.

आईला पत्रातून लारिसाला असल्याचं कळवलं, तर तिनं थाईमच्या मधाचा डबा पाठवला. सोबत चिठ्ठी: कार्दित्सा तिथून जवळ आहे. जाऊन ये. कोटाबद्दलही सांग, की तो तुम्हा तिन्ही भावंडांच्या पाळण्यात घातला आणि फाटला.

चार गावं फिरलो. पाचव्या गावात कॉफीच्या दुकानात विचारलं तर लोकांनी बोट दाखवलं. कापसाच्या शेतांच्या कडेला बैठं घर. अंगणात एक बाई शेंगा सोलत होती. केस पांढरे, हात मोठे. गणवेशातला माणूस पाहून ती उठली.

“मी स्तेर्गिओस,” मी म्हणालो.

“कुणाचा? इथं दगड उचलला की खाली एक स्तेर्गिओस असतो.”

“इथला नाही, मावशी. बोटीतला. लेरोसच्या वाटेवर तुम्ही मला उचललं होतं. एकोणसत्तर साली.”

तिनं माझं मनगट धरलं. मला वाटलं, मायेनं धरलंय. मग लक्षात आलं, ती नाडी मोजत होती. ओठ हलत होते. पुरं एक मिनिट मोजून तिनं हात सोडला आणि परत स्टुलावर बसली.

“तू गेला होतास,” ती म्हणाली. “मी जहाजात चढले तेव्हा तू गेलेला होतास.”

“संध्याकाळी रडलो, म्हणे.”

“मला कुणी कळवलं नाही.”

“पत्ता कुणाकडे होता?”

तिनं आत नेलं. जेवायला वाढलं. मध चाखून पाहिला. कोटाचं ऐकून पहिल्यांदा हसली. “तो माझ्या बहिणीचा होता. आयुष्यभर टोमणे मारले तिनं.” मग मी विचारलं. एवढ्या लांब मी तेवढ्यासाठीच आलो होतो, हे मलाही विचारतानाच कळलं.

“माझे आजोबा म्हणतात, तुम्ही ऐकलं होतं. त्यांनी ओरडून नाव सांगितलं ते.”

“निकितास,” ती लगेच म्हणाली. “दोनदा ओरडला. त्याचंच नाव ना?”

“हो.”

“ऐकलं होतं.” तिनं ताट बाजूला सारलं. “सांगते. पहिल्या वर्षी एका बेटावर असंच एक बाळ जात होतं. मी बापाला विचारलं, नाव काय ठेवू? त्यानं आपल्या बापाचं सांगितलं. ते दिलं. बाळ गेलं. आजा दारातच उभा होता. स्वतःच्या नावाची शवपेटी पाहिली त्यानं, हातभर लांबीची. वर नाव लिहिलेलं. वर्षानं दुसरा नातू झाला तर म्हणाला, माझं नाव त्याला देऊ नका, ते पुरलंय. मी तेव्हाच ठरवलं, कुणाच्या घरचं नाव मातीत घालायचं नाही. आमच्या गावचं एक नाव होतं. तिकडे ते कुणाचंच नव्हतं. गेलं तरी कुठल्या घराचं काही जाणार नव्हतं. आणि चुकून राहिलंच, तर नावाचा अर्थ तरी चांगला होता.”

“म्हणजे आजोबांचं नाव तुम्ही...”

“ठेवून दिलं. पुढच्यासाठी. मला वाटलं, तू दोन मिनिटांचा सोबती. म्हातारा चांगला होता, एवढ्या समुद्रात हात स्थिर होते त्याचे. म्हटलं, त्याचं नाव जिवंत पोराला मिळू दे.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “मिळालं का?”

मी म्हणालो, “पुढं दोन मुलीच झाल्या.”

तिनं मान हलवली. मग संताच्या तसबिरीमागून एक घडी केलेला कागद काढला. आमच्याकडे मृतांसाठीच्या शनिवारी प्रत्येक घर असा कागद पाद्रीकडे देतं आणि तो नावं वाचतो. तिच्या कागदावर वर आईबाप होते, आणि खाली एकाखाली एक दहा वेळा लिहिलं होतं, स्तेर्गिओस.

“ज्यांना कुठल्याच घरचं नाव नव्हतं, त्यांच्यासाठी वाचणार तरी कोण? म्हणून मीच देते,” ती म्हणाली. तिनं पेन्सिल घेतली आणि कागदावर धरून थांबली. “आता यातला तू कोणता?”

मी शेवटच्यावर बोट ठेवलं, पण तो मी नव्हतो; माझ्यानंतर तिची पुन्हा आमच्या बाजूच्या बेटांवर नेमणूक झाली होती आणि तिथं तिच्या हातून आणखी दोन गेले होते. तिनं वरून मोजत आठव्यावर आणलं आणि ते नाव खोडलं. एक रेघ नव्हे, गिरवून गिरवून, कागद फाटेस्तोवर.

फेब्रुवारीत रजा मिळाली. घरी आलो तेव्हा आजोबा धक्क्यावर जाळं घेऊन बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, बोट आता वडील चालवायचे. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगायला लागलो. “तिनं ऐकलं होतं,” असं म्हणताच त्यांनी मांडीवर थाप मारली.

“सांगत नव्हतो मी? वीस वर्षं! अंतोनिस! अरे ए अंतोनिस, ऐकलं होतं तिनं!”

पलीकडून अंतोनिस म्हणाला, “काय ऐकलं होतं?”

“काही नाही, तुझं काम कर.” आणि मला, “मग? का नाही म्हणाली?”

मी पुढचं सांगितलं. पहिल्या बाळाचं, दारातल्या आज्याचं, हातभर पेटीचं. त्यांच्या हातातली सुई जाळ्यातच राहिली. मी तिनं वापरलेलेच शब्द वापरले: म्हाताऱ्याचं नाव जिवंत पोराला मिळू दे, म्हणून ठेवून दिलं.

त्यांनी समुद्राकडे तोंड वळवलं.

“म्हणजे,” ते म्हणाले, “तिला वाटलं, मी वेळेत पोचवणार नाही.”

“आजोबा, तसं नाही हो.”

“गप. तसंच आहे. आणि बरोबर होतं तिचं. मलाही तसंच वाटत होतं.” त्यांनी नाक पुसलं. “मीही बघत होतो की. निळा होतास. मी ओरडलो ते तू जगशील म्हणून नव्हे. म्हटलं, जातोय तर माझं नाव घेऊन जाऊ दे. दुसरं काही देण्यासारखं हातात नव्हतं.”

हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. मी त्यांच्या हातातली सुई काढून घेतली आणि अर्धवट राहिलेली गाठ पुरी केली.

“बाकीचे किती?” त्यांनी विचारलं.

“नऊ.”

“कुठले?”

“आपल्याच बाजूच्या बेटांवरचे.”

“आणि मुली?”

मी विचारलंच नव्हतं.

“निम्मं ऐकून आलास,” ते म्हणाले. “लष्करात हेच शिकवतात वाटतं.”

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. लेंटच्या उपासांआधीचा मृतांचा शनिवार उजाडायचा होता. आई मृतांच्या नावानं वाटायचा गहू शिजवत होती. आजोबांना लिहिता येत नसे. दरवर्षी आमचा कागद ते सांगायचे आणि आम्हा पोरांपैकी कुणीतरी लिहायचं. त्यांनी मला समोर बसवलं. आपले आईबाप, आजी, बुडालेला भाऊ, अशी नावं सांगून झाली. मला वाटलं, संपलं.

“पुढं लिही,” ते म्हणाले. “स्तेर्गिओस.”

त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. अडखळले नाहीत. आवाज फक्त जरा जाड झाला. चुलीशी आईचा डाव थांबला.

“मामंजी, हे काय? जित्याजागत्या पोराचं नाव मेलेल्यांत?”

“त्याचं नाही. दुसरे आहेत. नऊ वेळा लिही रे. ती बाई परमुलखात वाचून घेते. पोरं आपल्या पाण्यातली, आणि इथं त्यांचं कुणी नाव घेऊ नये?” त्यांनी कागदाकडे बोट दाखवलं. “आणि मुलींचं एक नाव काहीतरी लिही.”

“तिनं कुठलं दिलं असेल कुणास ठाऊक.”

“मग नुसतं ‘आणि मुली’ लिही. देवाला यादी पाठ असेल.”

मी लिहिलं. आपलंच नाव मृतांच्या कागदावर एकदा लिहिताना हात जड होतो; नवव्यांदा लिहिताना ते नाव माझं एकट्याचं राहिलं नव्हतं, कुणातरी मोठ्या भावांच्या घोळक्यात धाकटा उभा असावा तसं काहीसं वाटत होतं.

शनिवारी सकाळी देऊळ भरलं होतं. पाद्रीबाबा एकेका घरचा कागद घेऊन वाचत होते. निकितास, अंतोनिस, मिखालिस, मारिया, मिखालिस, निकितास. त्या नावांना कुणी दचकत नाही. तीच नावं बाकांवर जिवंत बसलेली असतात. मग आमचा कागद आला. आईबाप झाले, आजी झाली, बुडालेला भाऊ झाला. पाद्रीबाबा थबकले. चष्मा सारखा केला.

“स्तेर्गिओस,” त्यांनी वाचलं.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आईनं मागून येऊन माझी बाही घट्ट पकडली.

“स्तेर्गिओस. स्तेर्गिओस. स्तेर्गिओस.”

एक म्हातारी क्रूसाची खूण करायला लागली. कुणीतरी कुजबुजलं, “पाद्रीबाबांना काही होतंय का?” आजोबा काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ उभे होते आणि प्रत्येक नावाला मान हलवत होते, धक्क्याला लागणाऱ्या बोटी मोजाव्यात तशी. नवव्यानंतर पाद्रीबाबांनी “आणि मुली” असं वाचलं, कागद उलटून पाहिला, काही नाही असं पाहून बाजूला ठेवला आणि पुढच्या घरचा उचलला.

आजोबा त्यानंतर चार वर्षं जगले. मला ते “पोरा”च म्हणत राहिले. जिभेला वळण पडलेलं होतं. निकितास नाव आता माझ्या धाकट्या बहिणीच्या तिसऱ्या मुलाचं आहे, पण ते आजोबांच्या मागाहून. असिमीनामावशींना मी पत्र लिहून मुलींबद्दल विचारलं. उत्तर आलं: सहा. सगळ्यांचं नाव झोई, म्हणजे जीवन. तेव्हापासून आमच्या घरच्या कागदावर तीही सहा नावं असतात, आणि गावात नवा पाद्री आला की त्या फेब्रुवारीत मला एकदा सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.